अण्णांचा ओठ अजून झोपलेलाच का?

डॉक्टरसाहेब, नमस्कार.
माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ६३ वर्षांचे आहेत. एसटीत चालक होते, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. वर्षभर त्यांची कंबर धरते. तीस वर्षं गाडी मारली, त्याचंच असणार म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मेडिकलमधून गोळी आणून घेतात. दोन महिन्यांपूर्वी खालची उजवी दाढ हलायला लागली म्हणून गावातच काढून घेतली. रक्त रात्रीपर्यंत थांबेना. तेव्हापासून उजव्या बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर आहे. चहा सांडतो ते कळत नाही. परवा दाढी करताना कापलं, ते आरशात रक्त दिसल्यावर समजलं. अण्णा म्हणतात, भूल उतरली नाही. खोदून विचारल्यावर म्हणाले, दाढ काढायच्या पंधरा दिवस आधीपासूनच तिथं मुंग्या यायच्या.
कराडला दातांच्या दुसऱ्या डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी पूर्ण जबड्याचा एक्सरे काढला, हाडात काळी भोकं दिसतायत म्हणाल्या आणि दाताला हातही न लावता रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. "रक्ताचा कॅन्सर नाही ना, एवढं बघून घेऊ," म्हणाल्या. माझे मिस्टर भडकलेत. दाताची बाई रक्ताचं काय सांगणार, लॅबचं कमिशन असेल, असं त्यांचं म्हणणं. अण्णांनी तंबाखू सोडून बारा वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वीचा एक रिपोर्ट घरात आहे: हिमोग्लोबिन ९.१, ईएसआर ११८, टोटल प्रोटीन ९.८, अल्ब्युमिन ३.१. तेव्हा रक्तवाढीचं टॉनिक दिलं होतं. जबड्यात खरंच रक्ताचा कॅन्सर असतो का? अण्णांना काय सांगायचं? शिवाय वैशाखात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. त्याआधी उरलेल्या हलत्या दाढा काढून कवळी बसवायची त्यांनी घाई लावली आहे.
— एक सून, कराड तालुका

ताई,

आधी दोन कामं सांगतो, मग बाकीचं बोलू. अण्णांची आणखी एकही दाढ सध्या कुणाला काढू देऊ नका. आणि मेडिकलमधून येणारी ती कंबरेची गोळी आजपासून बंद करा. कारणं पुढे येतील, पण पत्र अर्धं वाचून तुम्हाला स्वयंपाकघरात जावं लागलं तरी एवढं झालेलं असावं.

आता तुमच्या मिस्टरांचा राग. तो मी नेहमी बघतो. दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या हातात रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी दिली की तो आधी चिठ्ठीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि म्हणतो, "डॉक्टर, मी दाताला आलोय." कमिशनचा संशय आमच्याच व्यवसायानं कमावलाय, त्यावर मी वाद घालणार नाही. पण या बाईंनी काय केलं ते जरा बघा. हलत्या दाढा समोर होत्या, पेशंट स्वतः काढा म्हणत होता, कवळीचंही गिऱ्हाईक तयार होतं. पैसे हवे असते तर ते सगळं त्याच दिवशी झालं असतं. त्यांनी काहीच केलं नाही, फक्त एक्सरे नीट वाचला. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी एकदा त्यांच्या जागी होतो, आणि मी ते केलं नाही.

बरीच वर्षं झाली त्याला. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई, खालच्या दाढेत ठणका आणि ओठ बधिर अशी तक्रार घेऊन आल्या होत्या. त्या दाढेचं रूट कॅनाल आधी झालेलं होतं. मी एक्सरे काढला, मुळाचं टोक बघितलं, नस चिडली असेल म्हणालो, व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दोन-तीन महिने वाट बघायला सांगितलं. पुढच्या खेपेला बाई आल्याच नाहीत, मुलगा आला. आईचा मणका बसला म्हणाला, दवाखान्यात आहेत, तिथले डॉक्टर जुना एक्सरे मागतायत. मी पाकीट उघडलं, फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. भोक तिथंच होतं. दाढेच्या मुळापासून बोटभर मागे, जबड्याच्या कोनाजवळ, फिल्मच्या अगदी कडेला. बाईंनी दाढ दाखवली म्हणून मी दाढच बघत बसलो होतो. तेव्हापासून मी फिल्म कडेकडून मधे वाचतो.

बधिरपणाचं आधी समजून घ्या, कारण सगळं त्यावर उभं आहे. खालच्या जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक नळी असते. तिच्यात नस मागून शिरते, दाढांच्या मुळांखालून पुढे सरकते आणि सुळ्याच्या थोडं मागे, छोट्या दाढांच्या खाली एका छिद्रातून बाहेर पडून ओठात आणि हनुवटीत पसरते. या नसेचं तिथं एकच काम, कळणं. ओठ हलवणारी नस वेगळी. म्हणून अण्णांचा ओठ हलतो, बोलताना तोंड वाकडं होत नाही, पण चहा सांडलेला कळत नाही. कुणी शेजाऱ्यानं हा लकवा आहे, कबुतराचं तेल लावा असं सांगितलं असेल तर तो लकवा नव्हे. चेहऱ्याच्या लकव्यात तोंड वाकडं होतं आणि कळणं बहुधा शाबूत असतं. इथं नेमकं उलटं आहे.

भूल म्हणाल, तर दाढ काढताना देतो ती तीन-चार तासांत उतरते, फार तर पाच. दोन महिने टिकणारी भूल अजून कुणी बनवलेली नाही. दाढ काढताना नसेला धक्का लागून ओठ महिनोन्‌महिने बधिर राहू शकतो हे मात्र खरं. खोल रुतलेल्या अक्कलदाढेत ते घडतं. पण मग बधिरपणा दाढ काढल्यानंतर सुरू व्हायला हवा. अण्णांच्या मुंग्या पंधरा दिवस आधीच्या. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे, आणि ती तुम्ही खोदून विचारलंत म्हणून बाहेर आली. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ही गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा. म्हणजे नस आधीच दाबली जात होती. दाढही बहुधा त्याच कारणानं हलत असावी, तिला धरणारं हाडच खालून पोखरलं गेलं असेल तर.

आज संध्याकाळी एक करून बघा. अण्णांना खुर्चीत बसवा, डोळे मिटायला सांगा. देवाच्या वातीसाठी करता तशी कापसाची बारीक वात वळा आणि तिचं टोक नुसतं टेकवत डाव्या गालाकडून उजवीकडे न्या. कळलं की "हो" म्हणायचं. जिथं "हो" थांबेल तिथं बॉलपेननं ठिपका द्या. ओठाच्या आत, हिरडीवरही बघा. सगळे ठिपके जोडा, मोबाइलवर फोटो काढा, तारीख टाका. दर चार दिवसांनी पुन्हा. तपासणाऱ्या डॉक्टरला हे चार फोटो माझ्या या पत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतील. आणि तोवर चहा कोमट. भाजलेलं त्यांना कळणार नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. रक्ताचा कॅन्सर जबड्यात असतो का? असतो. आपल्याला वाटतं रक्त म्हणजे नसांमधून वाहणारं ते. पण रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात, ज्याला डॉक्टर बोन मॅरो म्हणतात. मोठ्या माणसात हा मगज मणके, बरगड्या, कवटी, कमरेचं हाड यांत टिकून राहतो, आणि थोडा खालच्या जबड्याच्या मागच्या भागात, दाढांच्या पलीकडे. कारखाना बिघडला तर त्याची खूण तिथंही उमटते.

तोंडात खुणा दाखवणारे रक्ताचे कॅन्सर एकाच जातीचे नसतात. ल्युकेमियात, विशेषतः त्याच्या काही तीव्र प्रकारांत, हिरड्या आठवड्या-दोन आठवड्यांत सुजून दातांवर चढतात, न डिवचता रक्त येतं, टाळूवर लाल-जांभळे ठिपके दिसतात, सोबत ताप आणि पांढुरकेपणा असतो. अशा माणसाचे दात साफ करायच्या आधी त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायची असते. लिम्फोमा टॉन्सिल, टाळू किंवा जबड्यात गाठ म्हणून येतो. डेनिस बर्किट नावाच्या आयरिश सर्जननं युगांडात, कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलात, जबडे सुजलेली लहान मुलं बघून १९५८ साली जो आजार मांडला तो यातलाच एक. त्या आजाराला त्याचंच नाव मिळालं, आणि त्याचा माग जबड्यापासून सुरू झाला होता. हे दोन्ही मी इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो. अण्णांचं चित्र यांच्याशी जुळत नाही.

कराडच्या त्या डॉक्टरबाईंच्या मनात जे आहे त्याचं नाव मल्टिपल मायलोमा. मगजात प्लाझ्मा पेशी असतात, त्या जंतूंशी लढणारी प्रथिनं बनवतात. त्यातली एक पेशी बिथरते, आपल्यासारख्याच लाखो पेशी काढते, आणि त्या सगळ्या मिळून एकाच छापाचं बिनकामाचं प्रथिन रक्तात ओतत राहतात. सोबत एक खोडी करतात. हाड हे सतत मोडत आणि बांधत राहणारं काम आहे. या पेशी मोडणाऱ्या गड्यांना चेव आणतात आणि बांधणाऱ्यांना घरी बसवतात. म्हणून एक्सरेत दिसतात ती भोकं कागदाला पंच मारल्यासारखी, स्वच्छ कापलेली, भोवती पांढरी कड नसलेली. दाताच्या पसमुळे होणारा काळा डाग बहुतेक वेळा मुळाच्या टोकाला चिकटलेला असतो. ही भोकं दाताशी नातं ठेवत नाहीत. कधी दात हलतो, कधी हाड सुजतं, कधी नळी पोखरून नस दाबली जाते, क्वचित जबडा नुसता चावताना मोडतो. काहींची जीभ जाड होते, कडेला दातांचे ठसे उमटतात, कारण त्या प्रथिनातून तयार होणारं अमायलॉइड तिथं साचतं. अण्णांची जीभ एकदा बघून घ्या.

आता तो चार महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट काढा आणि एक वजाबाकी करा. टोटल प्रोटीन ९.८, त्यातून अल्ब्युमिन ३.१ गेलं, उरलं ६.७. या उरलेल्याला ग्लोब्युलिन म्हणतात आणि ते साधारण २ ते ३.५ असतं. अण्णांचं जवळजवळ दुप्पट आहे. कुठलं तरी प्रथिन रक्तात गर्दी करतंय. ईएसआर ११८ हेही त्याच गर्दीचं: प्रथिन जास्त झालं की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि नळीत भराभर खाली बसतात. दाढ काढल्यावर रक्त थांबेना, त्यामागेही हेच प्रथिन असू शकतं, ते गुठळी नीट होऊ देत नाही. आणि हिमोग्लोबिन ९.१ लोहाच्या कमतरतेनं नव्हे तर कारखान्यात जागाच उरली नाही म्हणून असेल, तर टॉनिकच्या दहा बाटल्यांनीही ते हलणार नाही. एक कागद, चार आकडे, आणि सगळ्यांनी एकच आकडा वाचला. मी वर माझी गोष्ट सांगितली आहे, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना नावं ठेवणार नाही.

या आजाराची जुनी गोष्टही अशीच आहे. १८४५ साली लंडनमध्ये पंचेचाळिशीचा एक किराणा व्यापारी, थॉमस मॅकबीन, हाडांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला. त्याला काय दिलं होतं, तर लोह आणि क्विनाइन. थोडं बरंही वाटलं. मग त्याच्या डॉक्टरांनी लघवी तापवून बघितली तेव्हा काहीतरी विचित्र दिसलं. एक पदार्थ गरम केल्यावर विरघळायचा आणि गार झाल्यावर पुन्हा साकळायचा. नमुना हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे गेला. १ जानेवारी १८४६ ला मॅकबीन वारला, पण लघवीतल्या त्या प्रथिनाला बेन्स जोन्सचं नाव राहिलं. हे मी इतिहासाच्या हौसेनं सांगत नाही. आजही आपल्या गावच्या लॅबमध्ये पट्टी बुडवून करतात ती लघवीची तपासणी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, बेन्स जोन्स प्रोटीन नाही. तेव्हा "लघवीत प्रोटीन निल" असा कागद आला म्हणून मिस्टर "बघ, काही नाही" म्हणाले, तर त्यांना थांबवा.

मी निदान करत नाही, पत्रावरून कुणी करूही नये. जबड्याच्या हाडात जुना जंतुसंसर्ग, पॅराथायरॉइड ग्रंथीचा बिघाड, दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर हाडात उतरणं, यातही भोकं दिसतात. जुन्या संसर्गात किंवा लिव्हरच्या आजारातही ग्लोब्युलिन वाढतं. पण ६३ वर्षांचा माणूस, वर्षाची कंबर, रक्त कमी, ग्लोब्युलिन जास्त, हाडात भोकं आणि आधीपासून बधिर ओठ, हे सगळं एका ताटात आल्यावर मायलोमा आहे की नाही हे ठरल्याशिवाय उठायचं नाही. आणि वरच्या इतर कारणांसाठीही सुरुवातीच्या तपासण्या याच लागतात, म्हणजे वेळ कुठंच वाया जात नाही.

उद्या सकाळी तालुक्याच्या लॅबमध्ये सीबीसी आणि स्मिअर (काचेवर पसरून बघतात तो रक्ताचा थेंब), किडनीसाठी क्रिएटिनिन, कॅल्शियम, प्रोटीन आणि अल्ब्युमिन यांसाठी रक्त द्या. संध्याकाळपर्यंत हातात येतात. त्याच रक्तातून सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस सांगा. ती बहुधा मोठ्या शहरात जाते, दोन-चार दिवस लागतात. तिच्या आलेखात एकाच जागी सुळका दिसला, तर एकाच छापाचं प्रथिन आहे. त्या सुळक्याला डॉक्टर एम बँड म्हणतात. पण सुळका नाही म्हणून सुटलो असंही नसतं. काहींमध्ये प्रथिनाचा फक्त हलका तुकडा बनतो, तो पकडायला फ्री लाइट चेन आणि चोवीस तासांच्या लघवीची तपासणी लागते. रिपोर्ट यायची वाट न बघता हिमॅटॉलॉजिस्टची वेळ घ्या, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरची. तुम्हाला कोल्हापूर किंवा पुणे जवळ. तिथं बोन मॅरो करतील: पालथं किंवा कुशीवर झोपवून, कमरेच्या मागच्या हाडात भूल देऊन सुई घालतात, थोडा मगज ओढतात आणि हाडाचा काडीएवढा तुकडा घेतात. ओढतानाचा तो एक क्षण कळ येते, ती मी लपवणार नाही. अण्णा त्याच दिवशी घरी येतील. मगजात १० टक्के किंवा त्याहून जास्त प्लाझ्मा पेशी असणं आणि सोबत हाडं, किडनी, रक्त किंवा कॅल्शियम यांपैकी कशावर तरी घाला पडलेला असणं, यावर निदान ठरतं. मग सगळ्या हाडांचा सीटी किंवा पेट सीटी होईल. कंबर नक्की एसटीच्या सीटनं गेली की कशानं, ते तेव्हा कळेल. सीटीच्या आधी शिरेतून रंग देणार असतील तर मायलोमाचा संशय आहे हे मशीनवाल्यांना आवर्जून सांगा.

गोळी बंद करायला सांगितली ती किडनीसाठी. हे प्रथिन किडनीच्या नळ्यांमध्ये अडकतं, त्यावर डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या म्हणजे जखमेवर मीठ. अगदीच दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर पाणी भरपूर पिऊ द्या. आणि काही गोष्टींना अपॉइंटमेंट लागत नाही. पायातलं बळ गेलं, बेंबीखाली बधिर वाटायला लागलं, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, तर मणका नसांवर बसतोय, त्याच रात्री गाडी काढायची. एकाएकी बरळणं, सारखी तहान, उलट्या आणि घट्ट बद्धकोष्ठ असं एकत्र आलं तर कॅल्शियम चढलेलं असू शकतं. थंडी वाजून ताप आला तरी घरी काढा देत बसू नका. वजन उचलू देऊ नका, पाण्याचा हंडासुद्धा नाही.

तंबाखूचं बोलायचं राहिलं. आपल्याकडे तोंड आणि कॅन्सर हे दोन शब्द जवळ आले की मधे तंबाखू बसलेलीच असते, आणि ते बरोबरही आहे, कारण आपल्याकडे गालाचा आणि जिभेचा कॅन्सर बहुतेक वेळा तिच्यामुळे होतो. पण तो तोंडाच्या कातडीतून उगवतो. मायलोमा हाडाच्या आतून येतो, त्याचा तंबाखूशी संबंध नाही. तेव्हा बारा वर्षांपूर्वी सोडलेली पुडी आता अण्णांच्या तोंडावर कुणी मारू नये, आणि "तंबाखू सोडली, मग काही होणार नाही" हा आधारही धरू नये.

मायलोमा निघालाच तर? मुळापासून बरा होतो असं मी म्हणणार नाही, बहुतेक वेळा तो दबतो, काही वर्षांनी पुन्हा डोकं काढतो, मग औषध बदलतात. पण मी शिकत होतो तेव्हा या आजारावर फार थोडी औषधं होती, आता यादी लांब आहे. पोटाच्या कातडीखाली द्यायचं बॉर्टेझोमिब, तोंडानं घ्यायची लेनालिडोमाइडची कॅप्सूल, आठवड्याला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, अशी सुरुवात असते. पहिली दोन औषधं आपल्या देशातल्या कंपन्याही बनवतात, त्यामुळे भाव आवाक्यात आला आहे. तब्येत साथ देत असेल तर स्वतःच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, काढून ठेवून, जोरदार औषध देऊन, त्या परत देतात. त्याला लोक बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात. देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली झालं, आज ते पुण्यातही होतं. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा. आधी स्वतःचे पैसे भरून मागाहून ते योजनेतून परत मिळतील, या भरवशावर राहू नका. एसटीच्या निवृत्तीच्या कागदपत्रांची फाइलही सोबत ठेवा.

औषध लागू पडलं की मुंग्या कमी होऊन ओठ काही जणांचा जागा होतो, काहींचा अर्धवट राहतो.

अण्णांना काय सांगायचं? तुमच्या पत्रावरून असं दिसतं की घरात चर्चा त्यांच्या पाठीमागे चालली आहे. ताई, ज्या माणसानं तीस वर्षं समोरचा रस्ता बघून गाडी चालवली, त्याला मागच्या सीटवर झोपवून नेता येत नाही. कॅन्सर हा शब्द आज वापरायची गरज नाही, कारण तो अजून सिद्ध झालेला नाही. "हाडात काहीतरी पोखरतंय, ते कशानं ते शोधायचंय, रक्त द्यायचंय आणि कमरेतून सुई घ्यायची आहे," एवढं खरं आणि पुरेसं आहे. "नुसती व्हिटॅमिनची तपासणी आहे" असं खोटं मात्र सांगू नका. पुढे वरचेवर इंजेक्शनला न्यायची वेळ आली तर त्यांचा तुमच्यावरचा विश्वास लागणार आहे. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना त्यांच्यासमोरच बोलायला सांगा. आणि मिस्टरांना सोबत न्या. भडकलेला माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो, त्याला आलेखातला सुळका स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे.

राहिली कवळी. या आजारात हाडं सावरायला झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन देतात, चांगलं औषध आहे. पण २००३ साली अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स यांनी लक्षात आणून दिलं की या जातीच्या औषधांवर असलेल्या माणसाची दाढ काढली तर ती जागा कधीकधी भरतच नाही, हाड उघडं पडून सडतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी निदान. मग हिमॅटॉलॉजिस्टला विचारून, पहिल्या इंजेक्शनच्या आधी, त्याच कराडच्या बाईंकडून तोंडाची पूर्ण तपासणी: ज्या दाढा काढायच्याच आहेत त्या तेव्हा काढून जखमा भरू द्यायच्या, ज्या वाचवता येतील त्या वाचवायच्या. रक्त थांबत नव्हतं हे त्यांना आधी सांगायचं. काही हलत्या दाढा उपचारानंतर घट्टही होतात, त्या आज काढल्या तर गेल्याच. दाढा काढल्यावर हिरडी आक्रसते, तेव्हा घाईत बसवलेली कवळी महिन्याभरात सैल होऊन तोंडभर फिरते, हे आजार नसलेल्या माणसालाही मी सांगतो. वैशाखात अण्णा पंगतीत बसतील ते आहे त्या दातांनी. जिलेबी दुधात भिजवून द्या, आणि वाढप्याला सांगून आमटी कोमटच वाढायला लावा.

तो मोठा एक्सरे गुंडाळी करून पिशवीत घालू नका, फिल्मला सुरकुती पडली की वाचताना घोटाळा होतो. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यात सपाट ठेवा, चार महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट त्याच्याच वर लावा.